दुपारी एकचा फोर्ट आणि थाई जेवण

मुंबईच्या फोर्टात दुपारी एक ते दोन या तासाभरात माणूस कुठे जेवतो, यावरून त्याची नोकरी, पगार आणि कधीकधी त्याचं गावही सांगता येतं. डबा येणारे ऑफिसातच बसतात. बाकीचे खाली उतरतात. कुणी इराण्याकडे, कुणी गोमंतक खानावळीत, कुणी उडप्याकडे, कुणी गाडीवरच्या सँडविचपाशी. मी या भागात बावीस वर्षं नोकरी करते आहे आणि या तासाभराच्या वाटा मला पाठ आहेत. गेल्या दोन महिन्यांत त्यात एका वाटेची भर पडली. बोरा बाजाराकडच्या एका गल्लीत, जिथे पूर्वी स्टेशनरीचं दुकान होतं तिथे, थाई हॉटेल उघडलं आहे. तीसेक खुर्च्या, दारू नाही, दारात फळ्यावर दुपारच्या तीन पदार्थांची नावं.

हॉटेलचं नाव देत नाही. दोन महिन्यांच्या हॉटेलचा निकाल लावणं त्याच्यावर अन्याय करणारं ठरेल, आणि मला जे मांडायचं आहे ते एका हॉटेलपुरतं नाही. टाउनमध्ये आजवर कितीतरी परक्या मुलखांच्या चुली पेटल्या. त्यातल्या काही शंभर वर्षं टिकल्या, काही विझल्या. थाई जेवण मुंबईत येऊन तीस वर्षं उलटली, तरी ते अजून फोर्टाचं झालेलं नाही. असं का, हा माझा प्रश्न आहे.

सुरुवात इराण्यांपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान भागातून आलेल्या झोरोस्ट्रियन माणसांनी मुंबईच्या कोपऱ्यांवर दुकानं मांडली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी ती घेत नसत आणि म्हणून ती स्वस्तात मिळे, असं जुनी माणसं सांगतात. कुलाब्याचं लिओपोल्ड १८७१चं, धोबी तलावाजवळचं कयानी १९०४चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३चं. या हॉटेलांनी मुंबईला एक नवी सवय लावली: कुणीही, कुठल्याही जातीचा, एका टेबलावर बसून चहा पिऊ शकतो. खिशात दोन आणे असले तरी त्याला कुणी उठवत नाही. बायकांसाठी वर किंवा मागे फॅमिली रूम असे. माझी आत्या १९६०च्या सुमारास टेलिफोन खात्यात लागली. एकटीने बाहेर खाण्याची तिची पहिली जागा इराण्याचीच होती, ही गोष्ट ती शेवटपर्यंत कौतुकाने सांगायची.

ब्रिटानियाचा बेरी पुलाव हा आज मुंबईचा पदार्थ मानला जातो, पण त्यातली आंबट लाल बोरं इराणची आहेत. झेरेश्क म्हणतात त्यांना. बोमन कोहिनूर हे तिथले वृद्ध मालक प्रत्येक टेबलापाशी जाऊन स्वतः ऑर्डर घेत. २०१९ साली ते वयाच्या ९७व्या वर्षी गेले. ब्रिटानिया मुख्यतः दुपारीच चालतं, हे इथे लक्षात ठेवण्याजोगं आहे. बंदरातले आणि शिपिंग कंपन्यांतले कारकून, साहेब, वकील हेच त्याचं गिऱ्हाईक. फोर्टचं पोट दुपारी भरतं आणि संध्याकाळी सहानंतर फोर्ट रिकामा होतो. इथे टिकायचं तर दुपार जिंकावी लागते.

आता एक गोष्ट वाचकांना खटकेल, पण मला ती महत्त्वाची वाटते. ज्यांना आपण आपलीच म्हणतो त्या गोमंतक, मालवणी, मंगळुरी खानावळीही फोर्टात परक्याच होत्या. माझे वडील साताऱ्याकडचे. फोर्टात नोकरीला लागल्यावर एका गोमंतक खानावळीत त्यांच्या ताटात पहिल्यांदा तिसऱ्या आल्या. शिंपला खायचा कसा हे त्यांना कळेना. समोरच्या अनोळखी माणसाने शिंपला उघडून आतला गर कसा काढायचा ते दाखवलं. घाटावरच्या माणसाला तिसऱ्या जितक्या परक्या होत्या, तितकाच आज मला थाई फिश सॉस परका आहे. फरक एवढाच की त्या खानावळीमागे माणसं होती. गोव्याहून, मालवणहून, मंगळुरूहून नोकरीला आलेले हजारो एकटे पुरुष दुपारी आणि रात्री आपल्या गावचं जेवण शोधत होते. आधी त्यांच्यासाठी चूल पेटली, मग शेजारी बसणाऱ्यांनी चव घेतली. रुस्तम सिधवा मार्गावरचं प्रदीप गोमंतक, कावसजी पटेल स्ट्रीटवरचं महेश लंच होम, हॉर्निमन सर्कलजवळचं अपूर्वा ही सगळी याच वाटेने आली. महेशच्या तर नावातच ‘लंच’ आहे.

फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी कुटुंबाचं कुलाब्याचं कैलाश पर्बतही तसंच. आधी निर्वासितांची भूक, नंतर सगळ्या मुंबईची.

चिनी जेवणाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि थाई जेवणाला तीच सर्वांत जवळची, म्हणून तिथे जरा थांबते. मुंबईत चिनी माणसं होती. माझगावात त्यांचं सी यूप मंदिर आजही उभं आहे. त्यांच्यात खलाशी होते, दातांचे डॉक्टर होते, चपला करणारे होते. कुलाब्याचं नानकिंग ही त्यांची नावाजलेली जागा. ती बंद झाली, पण त्याच लिंग कुटुंबाचं लिंग्ज पॅव्हेलियन रिगल सिनेमाच्या मागे चालू राहिलं. १९६२च्या युद्धानंतर देशातल्या कितीतरी चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांत या देशात जन्मलेली मुलंही होती. ज्यांच्या हातचं आपण चवीने खात होतो, त्यांच्याशी आपण असे वागलो. चायनीज जेवणाच्या गप्पांत हे कधी येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

सत्तरच्या दशकात ताजमध्ये गोल्डन ड्रॅगन आलं आणि सिचुआन हा शब्द मुंबईला कळला. त्याच सुमारास, १९७५ साली, चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन केलं, असं सांगतात. आपल्या आलं-लसूण-मिरचीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून. तिथून तो पदार्थ क्लबबाहेर पडला, हॉटेलात गेला, मग हातगाडीवर उतरला. आज तालुक्याच्या गावातसुद्धा ‘चायनीज’ची लाल रंगाची गाडी असते आणि तिच्यावर मुलं चायनीज भेळ खातात. यात मूळ चव हरवली हे खरं. पण ज्याने ही गाडी टाकली त्या मुलाचं घर तिच्यावर चालतं, आणि ज्याने खाल्लं त्याने आपल्या घरी नसलेलं काहीतरी चाखलं. मंचुरियनला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो आता आपला पदार्थ आहे. चिनी म्हणून न खाता मुंबईचा म्हणून खावा.

ब्रह्मदेशाची वाट वेगळी. तिथून परतलेल्या भारतीय कुटुंबांनी खाव स्वे (नारळाच्या दुधातल्या शेवया) घरात जपलं, लग्नाकार्यांत वाढलं, पण हॉटेलात ते फारसं नव्हतं. २०१४ साली फोर्टात बर्मा बर्मा उघडलं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी एकाची आई ब्रह्मदेशात वाढलेली. त्यांनी दोन धाडसी निर्णय घेतले: मांसाहार नाही आणि दारू नाही. ब्रह्मदेशी स्वयंपाकात मासळीला मोठं स्थान, त्यामुळे हे ऐकून मलाही शंका आली होती. पण चहाच्या आंबवलेल्या पानांची कोशिंबीर तिथे खाल्ल्यावर शंका मागे घ्यावी लागली. गिऱ्हाईक शाकाहारी आहे हे मान्य करून त्यांनी त्या देशाच्या स्वयंपाकातलं शाकाहारी तेवढं मनापासून शोधलं. उणीव झाकायचा प्रयत्न केला नाही. पुढे त्यांच्या शाखा इतर शहरांत गेल्या.

या सगळ्यांच्या मागे माणसं आहेत: स्थलांतर केलेली, परतलेली, हाकलून दिलेली. थाई जेवणाच्या मागे मुंबईत अशी माणसं नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये थाई लोकांची मोठी वस्ती आहे. तिथल्या पूर्व हॉलिवूडच्या एका भागाला १९९९ साली अधिकृतपणे ‘थाई टाउन’ हे नाव मिळालं. तिथलं थाई जेवण आधी थाई माणसासाठी शिजलं. मुंबईत ते पंचतारांकित हॉटेलातून आलं. १९९३ साली कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात शेफ आनंद सॉलोमन यांनी थाई पॅव्हेलियन उभं केलं. ते नुसतं शोभेचं नव्हतं, स्वयंपाक अभ्यासाने केलेला होता. एका पिढीला टॉम यम आणि ग्रीन करी तिथे कळली. याच हॉटेलात कोकण कॅफेही होतं आणि तेही सॉलोमन यांच्याच देखरेखीखाली. एकाच माणसाने कोकणचं आणि थायलंडचं जेवण शेजारी शेजारी रांधावं, यात मला मोठा अर्थ दिसतो. त्याकडे पुढे येतेच. पण थाई जेवण मुंबईत पहिल्यांदा पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाढलं गेलं. वाढदिवसाचं, लग्नाच्या वाढदिवसाचं, बढतीचं जेवण झालं. फोर्टच्या दुपारी एकच्या भुकेपर्यंत ते पोचलंच नाही.

थायलंडच्या सरकारने मात्र या बाबतीत कमाल केली. २००२ साली त्यांनी ‘ग्लोबल थाई’ ही मोहीम काढली: जगभर थाई हॉटेलं उघडायला मदत, आचाऱ्यांना प्रशिक्षण, पुढे चांगल्या हॉटेलांना ‘थाई सिलेक्ट’ची मोहोर. तेव्हा जगात साडेपाच हजारांच्या आसपास थाई हॉटेलं होती. पंधरा-सोळा वर्षांत ती पंधरा हजारांपुढे गेली. त्याआधीही एकदा सरकारनेच एक पदार्थ देशाच्या गळी उतरवला होता. पॅड थाई. चिनी तंत्राने परतलेल्या शेवया, पण चिंच, ताडाचा गूळ, शेंगदाणे घालून. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून पंतप्रधान फिबुनसोंग्खराम यांनी तो राष्ट्राचा पदार्थ म्हणून पुढे आणला. अन्नाकडे इतक्या गांभीर्याने बघणारं सरकार मला आदर वाटावा असं आहे. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी, वऱ्हाडी झुणक्यासाठी, कोकणच्या सोलकढीसाठी असं काही कुणी केलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आणि एक खंत. मराठी माणसं थायलंडला झुंडीने जातात. २०२३च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट उठवल्यावर तर आणखीच. पण आपल्या सहलींमध्ये बरोबर आचारी असतो आणि पट्टायाच्या हॉटेलात रात्री पोळी-भाजी, वरण-भात आणि शिरा वाढला जातो. वयस्क माणसांसाठी ते योग्यच. पण चार दिवस त्या देशात राहून तिथलं एकही ताट न चाखता परतणारी तरुण मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं, कारण ती चव त्यांना मुळीच परकी वाटली नसती.

कारण आपल्या किनाऱ्याचं आणि थायलंडचं स्वयंपाकघर सख्ख्या शेजाऱ्यासारखं आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत थायलंडच्या अयुथ्थयेच्या दरबारात गेला. अमेरिकेतून निघालेली मिरची त्यांच्याच गलबतांच्या मार्गांनी आपल्याकडे आली आणि तिकडेही गेली. पपईही तशीच. मिरची येण्याआधी दोन्हीकडे तिखटपणा मिऱ्यांचा होता. नारळाचं दूध दोन्हीकडे. आंबटाला आपल्याकडे कोकम आणि चिंच, त्यांच्याकडे लिंबू आणि चिंच. आपण बांगड्याच्या कालवणात तिरफळ टाकतो, ते कढीत मकरुत लिंबाची पानं टाकतात. दोन्हींचा हेतू एकच, उग्र वास काढून सुगंध ठेवायचा. गवती चहा आपण चहात घालतो, ते वाटणात. गलांगल म्हणजे आल्याच्या कुळातलं कुलिंजन, जे आपल्याकडे घसा बसल्यावर काष्ठौषधीच्या दुकानातून आणतात. मसामन करीत तर वेलची, दालचिनी, जिरं आहे. ती मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेकडून तिकडे गेली, असं मानतात. कफ परेडच्या एकाच हॉटेलात कोकण आणि थायलंड शेजारी नांदले, ते या नात्यामुळे.

नव्या हॉटेलात मी पहिल्याच दिवशी काउंटरजवळची खुर्ची धरली, कारण तिथून सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, करताना दिसतं. उंच मातीची उखळी, लाकडी मुसळ. आधी दोन लसूण पाकळ्या आणि दोन बारक्या मिरच्या ठेचल्या. ताडाच्या गुळाचा खडा. चवळीच्या हिरव्या शेंगा हातानेच मोडून टाकल्या आणि हलकेच चेचल्या. मग सोडे, आपले असतात तसेच, जरा लहान. लिंबू पिळलं, साल उखळीतच राहू दिली. टोमॅटो, फिश सॉस, आणि शेवटी कच्च्या पपईचे लांब किस. एका हाताने मुसळ, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालून वर पलटणं. ठोका जोराचा नव्हता. पपई चेचायची नाही, फक्त तिने रस प्यायला पाहिजे. तीस-चाळीस ठोके. वरून भाजलेले शेंगदाणे. माझी आजी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी करायची तेव्हा असाच बत्त्याचा आवाज यायचा: ओला, बोदा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला गोड लागलं, तिसऱ्याला सोड्यांची चव मागून आली आणि मला चौलच्या मामीचं घर आठवलं.

उखळीवरचा मुलगा कालिम्पोंगचा. मुंबईतल्या बहुतेक थाई, चिनी, जपानी स्वयंपाकघरांत नेपाळ, दार्जिलिंग, मणिपूर, मिझोरामची मुलं आहेत. मालक त्यांना चेहऱ्यासाठीही ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला परदेशात आल्यासारखं वाटतं. हे मला बरोबर वाटत नाही. या मुलाने बेंगळुरूत चार वर्षं एका थाई आचाऱ्याच्या हाताखाली काम केलं आहे, ते त्याचं शिक्षण आहे. त्याचं नाव मेनूवर असायला हवं. गोमंतक खानावळीत रांधणाऱ्या बाईचं नाव रोजच्या गिऱ्हाइकाला माहीत असतं. परक्या जेवणाला घरचं करायचं तर रांधणारा हात आधी ओळखीचा व्हावा लागतो.

आता अडचणी. पहिली, फिश सॉसची. नाम प्ला म्हणजे मीठ घालून महिनोन्‌महिने आंबवलेली बारीक मासळी, आपल्या मांदेलीच्या जातकुळीतली. थाई जेवणाचं मीठ जवळजवळ तेच. फोर्टात आणि मरीन ड्राइव्हच्या बाजूला गुजराती, मारवाडी, जैन गिऱ्हाईक मोठं. वाटणात छोटे कांदे, लसूण, कुलिंजन. जैन ग्रीन करी मागितली तर त्यात काय उरतं? नव्या हॉटेलने दुपारी तीनपैकी एक पदार्थ पूर्ण शाकाहारी ठेवला आहे आणि त्यात फिश सॉसऐवजी सोया सॉस असतो. प्रामाणिक तोडगा आहे, पण चव सपाट आहे. बर्मा बर्मासारखा अभ्यास इथे अजून झालेला नाही.

दुसरी, गोडपणाची. उपनगरातल्या एका मॉलमध्ये मी दोन वर्षांपूर्वी ग्रीन करी मागवली होती. जे आलं ते खिरीइतकं गोड आणि घट्ट होतं. तक्रार केली तर वाढपी म्हणाला, ‘मॅडम, लोगों को ऐसा ही चाहिए.’ लोकांना असंच हवं असतं हे कुणी ठरवलं? ज्या शहरात लोक रस्त्यावर उभं राहून ठेचा लावलेला वडापाव खातात, तिथे तिखटाला घाबरायचं कारण नाही. नव्या हॉटेलात सुदैवाने ‘कितना तीखा?’ असं विचारतात आणि आपण सांगू तसं देतात.

तुळशीचीही गोष्ट सांगायला हवी. पॅड क्रपाव या परतलेल्या खिम्यातली क्रपाव म्हणजे आपल्या वृंदावनातल्या तुळशीच्याच जातीची पानं. भारतातली बरीच थाई हॉटेलं तिच्याऐवजी गोडसर थाई बेसिल वापरतात, कधी सोय म्हणून, कधी संकोचाने. इथेही बेसिलच आहे. ज्यांना तुळस मांसाबरोबर नको त्यांचं मन मी समजू शकते, पण थाई माणसाने आपल्या अंगणातल्या पानाचं काय करावं हे त्याचं त्याने ठरवलेलं आहे.

आणि तिसरी, सर्वांत मोठी अडचण पैशांची. क्रपाव आणि भाताचं दुपारचं ताट साडेचारशे रुपयांचं, वर ५ टक्के जीएसटी. तेवढ्यात बाजूच्या गल्लीत सुरमईची थाळी आणि वर सोलकढी येते. मी मालकिणीशी बोलले. ती म्हणाली, गवती चहा, कुलिंजन, बेसिल आता क्रॉफर्ड मार्केटात रोज मिळतं, ते महाग नाही. महाग पडतं ते भाडं, आणि बाहेरून येणाऱ्या बाटल्या. माझं म्हणणं तिला मी तिथेच सांगितलं, इथेही सांगते. बाटल्या कमी करा. सोडे कोकणातले घ्या. ताडाचा गूळ पालघरचा, डहाणूचा का नसावा? क्रपावमधला खिमा कोंबडीचाच ठेवा, बासमतीचा हट्ट सोडा, आणि दुपारचं ताट तीनशेच्या आत आणा. मंचुरियनने चव सोडून गिऱ्हाईक मिळवलं. थाई जेवणाला चव न सोडता ते जमण्यासारखं आहे, कारण त्याचं अर्धं सामान आपल्याच किनाऱ्यावर पिकतं आणि सुकतं.

माझा कौल असा की हे हॉटेल चांगलं आहे, सोम तम तर उत्तम आहे, आणि अजून ते फोर्टाचं झालेलं नाही. बँका, बाजार आणि कचेऱ्या बांद्रा-कुर्ला संकुलाकडे सरकत असताना फोर्टात दुपारी जेवणारी माणसं कमी होत चालली आहेत. अशा वेळी कुणी रात्रीच्या दारूवर भरवसा न ठेवता दुपारसाठी चूल पेटवतं, त्याला सहा महिने तरी द्यावेत. ग्रीन करी कुठेही मिळेल, इथे सोम तम आणि क्रपाव मागवा. सव्वा बारालाच जा, एकनंतर जागा मिळत नाही. आणि क्रपाववर तळलेलं अंडं हवं असेल तर तसं सांगा, ते आपणहून घालत नाहीत.